पॉपी लिंडन या नावाची विल्हेवाट

मी, एडिथ ॲग्नेस स्केल्टन, माहेरची टपेन, वय चव्वेचाळीस, राहणार बंगला टाउन, शोरमचा समुद्रकिनारा, ससेक्स परगणा, हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे शाबूत नाही, आणि येता उन्हाळा ते मला दाखवील याची डॉक्टरांना खात्री वाटत नाही.

या ठिकाणी ‘कोणाच्याही दबावाखाली न येता’ असे लिहायचा प्रघात आहे. मी तसे लिहिणार नाही. माझ्यावर दबाव आहे, लग्नाच्या आधीपासून आहे, आणि तो शनिवारपर्यंत लंडनला चित्रीकरणासाठी गेला आहे म्हणूनच मला आज हे लिहिता येते आहे. माझे वकील श्री. बॉटिंग यांनी या वाक्याला हरकत घेतली. मी त्यांना म्हटले, हा दबाव लिहून घेणारा नाही, लिहू न देणारा आहे. त्यांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि वाक्य राहू दिले.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. बॉटिंग यांनी करावी. त्यांनी ते माझे पती श्री. लायनेल स्केल्टन यांना मोठ्याने वाचून दाखवावे, आणि वाचून होईपर्यंत त्यांना मधे बोलू देऊ नये. हे वाटते तेवढे सोपे नाही. पतींनी मागे वाकून, हात मागे बांधून, “बॉटिंग, मित्रा,” अशी सुरुवात केली, तर श्री. बॉटिंग यांनी खाली कागदाकडे बघावे.

कलम दुसरे. माझे घर. किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांच्या जमिनीचा हा तुकडा माझ्या वडिलांनी मला दिला. त्यावर रेल्वेने मोडीत काढलेले दोन डबे शेजारी शेजारी ठेवून, वर एकच छप्पर घालून आम्ही घर केले, जसे इथे सगळ्यांनी केले. पहिल्या वर्गाचा डबा समुद्राकडे, दुसऱ्या वर्गाचा रस्त्याकडे. हे घर मी माझी मुलगी हेस्टर हिला देते. लायनेलला त्याच्या हयातीत रस्त्याकडच्या डब्यात राहता येईल. त्याची झोपायची जागा, त्याची खुर्ची आणि खिडकीशी चिकटवलेले जुने फोटो यांना कोणी हात लावू नये.

माझ्या डब्याचे दार हेस्टरने बदलून घ्यावे. या जुन्या डब्यांना आतून मूठ नसते. बाहेर पडायचे तर चामड्याचा पट्टा सोडून खिडकी खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. लहानपणी गाडीत बसताना मला यात गंमत वाटे. गेल्या वर्षापासून माझ्या हातात तो पट्टा ओढण्याची ताकद उरली नाही. लायनेल सकाळी जाताना दार लावून घेतो, वारा लागू नये म्हणून. प्रेमानेच लावतो. मग कोणी येऊन उघडीपर्यंत मी पहिल्या वर्गाची प्रवासी असते आणि गाडी कुठेच जात नाही.

कलम तिसरे. वडिलांची होड्या बांधायची हत्यारे, म्हणजे वाकस, रंधे, फटी बुजवायच्या छिन्न्या आणि लाकडी हातोडा, ही शेजारचे ॲम्ब्रोज गेट्स यांनी न्यावीत. ती त्यांनी वापरावीत, भिंतीवर टांगू नयेत. पोस्टात माझ्या नावे जे काही आहे ते हेस्टरचे. ते फारसे नाही, आणि तिला ते कशासाठी हवे हे तिला कोणी विचारू नये.

कलम चौथे. माझ्या आईची कालवांचे शिंपले उघडायची सुरी. तिची मूठ आईच्या तळव्याच्या आकाराने झिजलेली आहे. ही सुरी हेस्टरची, आणि तिची हकीकतही तिला मिळायला हवी, कारण मी ती तोंडाने कधी सांगू शकले नाही.

माझी आई नदीच्या मुखाशी एका छपरीत कालवे उघडत असे. मी बाविसाव्या वर्षी सीगल फिल्म कंपनीत गेले तेव्हा कंपनीने मला पॉपी लिंडन हे नाव दिले आणि नावाबरोबर एक जन्मही दिला. पॉपी लिंडन ही बुडालेल्या आरमारी कप्तानाची अनाथ मुलगी होती. तिला आई नव्हती. करारात तसे स्पष्ट लिहिले होते, आणि चारचौघांत एडिथ या हाकेला ओ द्यायची नाही असेही. आईने पहिल्यांदा माझा चित्रपट पाहिला आणि घरी येऊन म्हणाली, “चांगली दिसतेस गं. पण मी मेले कधी ते तरी सांगायचंस.”

दोन वर्षांनी ती खरोखरच गेली. कंपनीचा जाहिरातवाला चर्चच्या फाटकापाशी फोटोवाल्याला घेऊन उभा होता. त्याने माझ्या हातात फुलांचे चक्र दिले. मी आईच्या शवपेटीवर ते ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आले की पडद्यावरची लाडकी पॉपी लिंडन एका गरीब चाहतीच्या अंत्यविधीला आवर्जून हजर राहिली. माझे वडील मागच्या बाकावर होते. बाहेर पडताना त्यांनी टोपी काढली आणि मला ‘आभारी आहे, मॅडम’ म्हणाले. फोटोवाला तिथेच होता म्हणून म्हणाले. माझी नोकरी राहावी म्हणून म्हणाले. हेस्टर, ही सुरी त्या घरातली आहे.

कलम पाचवे. पॉपी लिंडन हे नाव. हे मी कोणालाही देऊ शकत नाही, कारण ते माझ्या मालकीचे नाही, कधीच नव्हते. ते कंपनीचे होते, जसे रंगवलेले पडदे, खोटी शेकोटी आणि पुठ्ठ्याचे खांब कंपनीचे होते. बोलपट आले आणि सीगल कंपनी बुडाली तेव्हा सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या गेल्या, दिवे गेले, आणि शेवटी ‘पॉपी लिंडन हे नाव व त्याचे सर्व हक्क’ असे पुकारण्यात आले. कोणी बोलेना. लोक हसले. लायनेलने हात वर केला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. “एडी,” तो म्हणाला, “तुला परत विकत आणलंय मी.”

मला खूप बरे वाटले. ते मी नाकारत नाही. नंतर मी कागद पाहिला. मालक म्हणून त्यावर त्याचे नाव होते.

कलम सहावे. माझी चेहऱ्याच्या रंगांची पेटी, जाळीची राखाडी टोपी आणि काळ्या मखमलीचा तुकडा डोर्कस पॅनेट हिला द्यावा. ही बाई किनाऱ्याच्या पूर्व टोकाला, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चहाचे दुकान चालवते. आमचे एकमेकींशी पंधरा वर्षे बोलणे नव्हते. का नव्हते ते लिहिते.

हेस्टर पोटात होती तेव्हा आम्ही एका पाद्र्याच्या मुलीवर चित्रपट करत होतो. बाहेरची दृश्ये उन्हाळ्यात उरकली. आतली दृश्ये काचेच्या स्टुडिओत शरदात घ्यायची होती, तोवर माझा कमरपट्टा बसेना. पॉपी लिंडन अविवाहित होती, त्यामुळे ती गरोदर असणे शक्य नव्हते. लायनेलने वर्दिंगच्या एका टोप्यांच्या दुकानातून वीस वर्षांची मुलगी आणली. तिचे केस माझ्यासारखे कापले, भुवया माझ्यासारख्या केल्या, माझी राखाडी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि गोट्यांवर फिरवून फिरवून तिला माझे चालणे शिकवले. ते मी या खिडकीतून पाहिले. ती चांगली शिकली.

त्या चित्रपटात नायिका चर्चच्या दारात शिरते ती मी आहे. दार लोटून आत येते ती डोर्कस आहे. प्रेक्षकांपैकी एकालाही कळले नाही. माझे डोळे निळे. त्या काळच्या फिल्मवर निळे डोळे पांढरे उमटत, आंधळ्यासारखे, म्हणून लायनेल माझ्यासमोर कॅमेऱ्याच्या बाजूला काळी मखमल धरायला लावी. काळोखाकडे बघितले की बुबुळ मोठे होते. डोर्कसचे डोळे मुळातच काळेभोर. चाहत्यांनी कळवले की मिस लिंडन यांच्या नजरेला अलीकडे दुःखाने खोली आली आहे. ते दुःख म्हणजे डोर्कस होती.

हेस्टर झाली, मी बरी झाले, कामावर परतायला तयार झाले, तेव्हा कंपनीने सांगितले की पॉपी लिंडन कामावरच आहे. मी डोर्कसला त्याबद्दल क्षमा केलेली नाही. श्री. बॉटिंग म्हणाले की मृत्युपत्रात अशी वाक्ये कशाला. मी म्हटले, खोटे लिहिले तर पुढचे कलम कोणाला खरे वाटणार नाही.

कलम सातवे. लायनेल. माझ्या पतीला मी त्याचा दिग्दर्शनाचा कर्णा परत देते, जो त्याने मला रागाच्या भरात एकदा दिला होता, आणि माझी लग्नाची अंगठी. त्याने मला मारले नाही, उपाशी ठेवले नाही, दुसऱ्या बाईकडे पाहिले नाही. तो माझ्याशी बोलला. एवढेच त्याने केले.

ज्यांनी मूकपटात काम केलेले नाही त्यांना हे समजणे कठीण आहे. तेव्हा कॅमेरा फिरत असताना दिग्दर्शक बोलत राहायचा, कारण आवाज कुठे उमटणारच नव्हता. लायनेलइतके कोणी बोलत नसे. ओरडायचा नाही. कानाजवळ बसून बोलल्यासारखा बोलायचा. “आता तू थकलीस. आता पाऊल वाजलं. मान वळव. हळू. तो नाहीये. आता कळलं तुला. आता येऊ दे डोळ्यात.” आणि यायचे. सहा वर्षे मी एकही अश्रू स्वतःहून काढला नाही. घरी आल्यावरही तो आवाज बंद झाला नाही. “एडी, दमलीस, बस आता.” मी बसायची. “आता हस जरा.” मी हसायची. पुष्कळदा मला खरोखर बसायचेच असायचे. पण ते आधी मला माहीत असायचे की त्याला, हे मी आता सांगू शकत नाही.

आता तो कोट्याचे चित्रपट करतो. थिएटरवाल्यांना ठरावीक ब्रिटिश चित्रपट दाखवावे लागतात, कायदाच आहे, म्हणून घाईघाईत काहीतरी उरकून द्यायचे. थिएटरात ते लागतात तेव्हा झाडूवाल्या बाया रांगांमधून झाडत असतात. त्याला हे फार लागले आहे. मलाही वाईट वाटते. त्याने ठरवले आहे की पॉपी लिंडनला बोलपटात परत आणायचे, आणि पॉपी लिंडन म्हणजे या वेळी हेस्टर. मार्चमध्ये ती सोळा वर्षांची होते. करार तयार आहे. एकवीस वर्षांखालच्या मुलीच्या करारावर आईबापांची सही लागते, दोघांचीही लागेल असे त्याला पैसे पुरवणाऱ्यांनी सांगितले आहे. एक सही झाली आहे.

आमच्या मधली भिंत फळीची आहे. पलीकडे त्या दोघांचे बोलणे मला ऐकू येते.

“बाबा, यात माझं नाव कुठंय?”

“हे काय, वरच. ठळक अक्षरात.”

“हे आईचं आहे. नाहीतर डोर्कसमावशीचं.”

“आता तुझं. तयार नाव आहे, हेटी. लोक त्याच्यासाठी वर्षानुवर्षं तिकिटं काढत आलेत. नवीन नाव म्हणजे नवीन बूट, वर्षभर चावतात.”

“आणि मला सर्दी झाली तर?”

“तर पॉपी लिंडनला सर्दी झाली असं पेपरात येईल.”

“नाही, तर दुसरी कोणीतरी आणाल. तिला सर्दी नसेल.”

तो हसला. मग म्हणाला, “बरं, चल. खिडकीशी उभी राहा. आता तुला कोणाची तरी आठवण येतेय.”

“मला नाही येत.”

“येतेय. खाली बघ. हळू.”

यानंतर पलीकडे काहीच ऐकू आले नाही. ती खाली बघत होती हे मला फळीतून कळले.

हेस्टरला अभिनय करायचा आहे. हे मला माहीत आहे, आणि मी तिच्या आड येत नाही. तिला येतोही. तिला जे नको आहे ते नेमके तिला सांगता येत नाही, कारण तिने अजून ते संपूर्ण अंगावर घेतलेले नाही.

सप्टेंबरात लायनेल करार घेऊन माझ्या पलंगाशी बसला. मी नाही म्हणाले. तो रागावला नाही. त्याने दिवा जरा बाजूला केला, माझ्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून, आणि म्हणाला, “वर बघ, एडी. हां. आता तुला पटायला लागलंय. पेन जड नाहीये. उचल.” पेन माझ्या हातात होते. कागदावर टेकले होते. तेवढ्यात हेस्टर चहाचा ट्रे घेऊन आली आणि तिचा पाय उंबऱ्याला लागून कप सांडले. चहा करारावर पडला. त्याने नवीन प्रत करून आणली आहे. मी तेव्हा वाचले ते माझ्या निश्चयामुळे नव्हे. शनिवारी तो परत येईल, आणि मी स्वतःची खात्री देऊ शकत नाही.

कलम आठवे, ज्याच्यासाठी बाकीची सगळी लिहिली. नऊ वर्षांपूर्वी झालेल्या कायद्याप्रमाणे आईलाही आपल्या पश्चात मुलांसाठी पालक नेमता येतो, आणि तो पालक वडिलांच्या जोडीने, त्यांच्या बरोबरीने काम पाहतो. त्या अधिकाराने मी माझी मुलगी हेस्टर मेरी स्केल्टन हिच्यासाठी डोर्कस पॅनेट हिला पालक नेमते. हेस्टर एकवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या कोणत्याही करारावर डोर्कसची सही असल्याशिवाय तो करार होऊ नये.

श्री. बॉटिंग यांनी पाद्रीबाबांचे नाव सुचवले होते. पाद्रीबाबा भले आहेत. लायनेल त्यांच्याशी दोन वाक्ये बोलला की ते तिसरे स्वतःच म्हणतील. ॲम्ब्रोज गेट्स म्हणाले, “मी नको. मला त्यानं एकदा होडी पांढरी रंगवायला लावली, आणि ती माझी होती.” मी ज्यांना ज्यांना ओळखते त्या सगळ्यांना त्या आवाजाने कधी ना कधी मान वळवायला लावली आहे. एकीचा अपवाद आहे.

बोलपटांच्या पहिल्या वर्षी डोर्कसची आवाजाची चाचणी झाली. तिचा आवाज टोप्यांच्या दुकानातला आहे. ठरले असे की ती नुसते ओठ हलवील आणि पडद्यामागून दुसरी एक बाई बोलेल. लायनेलने तिला हे समजावले. तिने ऐकून घेतले, टोपी काढून खुर्चीवर ठेवली, आणि स्टुडिओच्या काचेच्या दारातून बाहेर पडून या गोट्यांवरून चालू लागली. माझ्या चालीने नाही, तिच्या स्वतःच्या. लायनेल मागून दारात आला. मी खिडकीत होते. त्याचा तो आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. “डोर्कस. आता थांब. आता तुला वाटतंय की चुकलं. आता वळ.”

मीच वळले होते, इथे, खिडकीत, कारण नसताना. ती चालत राहिली.

गेल्या मंगळवारी मी ॲम्ब्रोजकरवी तिला निरोप पाठवला. ती आली ती बाहेरूनच मूठ फिरवून, दार न वाजवता, आणि दारातच उभी राहिली.

“बाईसाहेबांनी बोलावलं? पंधरा वर्षांनी? मला वाटलं ॲम्ब्रोज प्यायलाय.”

“बस.”

“कुठं? पहिला वर्ग आहे. माझ्याकडं तिकीट तिसऱ्याचं.”

“डोर्कस, मी मरतेय.”

“ते गावाला माहितीये.” ती बसली. “रंग बरा आहे तुझा. कॅमेऱ्यापुढे पिवळा फासायला लागायचा, आता फुकटात.”

मी तिला सगळे सांगितले. ती टेबलावरचे बिस्कीट फोडत ऐकत होती, खात नव्हती. मग म्हणाली, “म्हणजे तू गेल्यावर मी यायचं. ही सवय बरी लागलीये आपल्याला.”

“नाही म्हणायचं असेल तर म्हण.”

“तुला मी आवडत नाही.”

“नाही.”

“मलाही तू नाही आवडत. तुझी ती टोपी मी अकरा वर्षं घातली, डोक्याला घट्ट व्हायची.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “तो कोर्टात जाईल. चहावालीला कोण पालक ठेवतं, म्हणेल.”

“जाऊ दे. तिथं त्याला सांगावं लागेल तू कोण आहेस. न्यायाधीश विचारणार, ही बाई आणि तुमची बायको यांचा संबंध काय. मग पॉपी लिंडन एक नव्हती हे पेपरात येईल. त्या नावाला मग कोण विचारतंय?”

डोर्कसने हातातले बिस्कीट खाली ठेवले. “हे तू एकटीनं काढलंस? त्यानं सांगितल्याशिवाय?”

“हो.”

“मग मरतेस कशाला आता,” ती म्हणाली आणि तिने तोंड खिडकीकडे केले. तिच्या पाठीकडे बघताना माझ्या लक्षात आले की आमच्या दोघींचे खांदे अजूनही एकाच पद्धतीने खाली उतरतात. ते त्याने शिकवले होते, तिला माझ्याकडून आणि मला देव जाणे कोणाकडून.

पालक म्हणून डोर्कसने काय करावे, याच्या सूचना मी देणार नाही. हेस्टरला नाटकात जायचे असेल तर जाऊ द्यावे. चित्रपटात जायचे असेल तर जाऊ द्यावे. बापाच्या हाताखाली काम करायचे असेल तरी हरकत नाही, तो आपल्या कामात वाईट नाही, कोट्याच्या चित्रपटांपेक्षा पुष्कळ चांगला आहे. फक्त पडद्यावर हेस्टर स्केल्टन असे लिहिलेले असावे, आणि तिला सर्दी झाली तर त्या दिवशी काम बंद राहावे.

कलम नववे. मला आईशेजारी पुरावे. दगडावर एडिथ टपेन एवढेच कोरावे. चाहत्यांपैकी कोणी फुले घेऊन आलेच तर त्यांना हाकलू नये, पण ती कोणासाठी आणली आहेत असे विचारावे. लायनेलने खड्ड्याशी उभे राहावे आणि काही बोलू नये. त्याला जड जाईल. हेस्टरने त्याचा हात धरावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सही: एडिथ ॲग्नेस स्केल्टन

पालकत्व स्वीकारणारीचे निवेदन. मी, डोर्कस पॅनेट, वय छत्तीस, चहाच्या दुकानाची मालकीण, हे काम घेते आहे. सिनेमाशी संबंधित कागदावर माझे नाव पहिल्यांदाच येते आहे, ते नीट आले आहे की नाही हे मी तपासले. एडिथशी माझे पटत नाही हेही इथे लिहावे अशी माझी इच्छा आहे. मुलीला कोणी वळ म्हटले तर आधी का ते विचारायला मी शिकवीन.

सही: डोर्कस पॅनेट

साक्षीदारांचे निवेदन. आम्ही खाली सही करणारे दोघे, या मृत्युपत्रात मिळणाऱ्या कोणत्याही लाभाचे धनी नाही. (श्री. ॲम्ब्रोज गेट्स यांना हत्यारे मिळत असल्यामुळे त्यांना साक्षीदार होता आले नाही. ते बाहेर पायरीवर बसून होते.) वरील बाईंनी आमच्या दोघांच्या समक्ष, आम्ही एकाच वेळी हजर असताना, सही केली. सही चालू असताना त्यांचे पती श्री. लायनेल स्केल्टन हे ठरल्यापेक्षा आधीच्या गाडीने परत आले व खिडकीपाशी उभे राहून बाईंशी बोलू लागले. ते ओरडले नाहीत. पेन खाली ठेव, माझ्याकडे बघ, असे ते बऱ्याच मायेने म्हणत होते. त्यांच्या बोलण्याने आमच्यापैकी एकाने खिडकीकडे पाहिले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. बाईंनी पाहिले नाही. त्यांनी पूर्ण नाव लिहिले, शाई वाळेपर्यंत कागदावर हात ठेवला, आणि मगच दार उघडायला सांगितले.

साक्षीदार: थर्झा एकहर्स्ट, परिचारिका, बंगला टाउन
साक्षीदार: सायलस बॉटल, निवृत्त सिग्नलमन, शोरम

ठिकाण: शोरमचा समुद्रकिनारा
दिनांक: १९ ऑक्टोबर १९३४